फुकटच्या शेतीची हजेरी

मी मोबाइलवर गेम खेळते. चोरून नाही, उघड खेळते. पन्नाशी जवळ आली, निम्मे केस पांढरे झाले, लेकाच्या लग्नाचं बघणं चाललंय, आणि तरी दुपारची भांडी आवरली की मी पलंगाला टेकून मोबाइलमधल्या शेतात तूर पेरते. कुणाला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. शेजारच्या निवृत्त तलाठी भाऊजींनी एकदा दारातूनच विचारलं होतं, "वहिनी, हे काय वय आहे का?" मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर पत्ते कुटता, ते कोणत्या वयाचं?" त्यानंतर त्यांनी माझ्या शेतीची चौकशी केली नाही.

आणखी एक सांगून ठेवते. हा गेम फुकट आहे आणि त्याला मी आजवर एक रुपया दिलेला नाही. देणारही नाही. त्यानं माझ्यापुढं किती सवलती नाचवल्या, किती वेळा लाल अक्षरांत 'फक्त आज' लिहून दाखवलं, पण मी भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली बाई आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या मागून काय काय चालत येतं ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

आमचं गाव निलंग्याकडचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. आमच्या घरातली माणसं वाचली, घर गेलं. मग शेडमध्ये राहायला गेलो आणि रस्त्यावर ट्रकांची रीघ लागली. कुठकुठून सामान यायचं. लोकरीचे कोट यायचे, उंच टाचांचे बूट यायचे, एकदा तर पोहण्याचे पोशाख आले आणि आमच्या आयाबाया ते हातात धरून पोट दुखेस्तोवर हसल्या. मदत मनापासून आलेली होती, नाही म्हणत नाही. धान्य नसतं आलं तर आम्ही उपाशी मेलो असतो. पण काही ट्रकांबरोबर कॅमेरावाला असायचा. वस्तू हातात देताना एक क्षण थांबायचं, देणाऱ्याकडे बघायचं, मग फोटो, मग वस्तू सोडायची.

माझ्या आईच्या हातात असंच एक ब्लँकेट अर्धं आलं होतं. कॅमेरावाला म्हणाला, "मावशी, जरा पदर डोळ्यांना लावा." आई म्हणाली, "फोटो काढायचा हाय व्हय? मग थांबा, तोंड धुऊन येते." ती खरंच गेली, तोंड धुतलं, वेणी घातली, कुंकू लावलं, वाचलेल्या दोन लुगड्यांतलं बरं नेसून आली आणि ताठ उभी राहिली. कॅमेरावाल्याला तसा फोटो नको होता. ब्लँकेट शेजारच्या शेडमधल्या बाईला गेलं. त्या थंडीत आम्ही भावंडं एका गोधडीत झोपलो आणि मी आईवर लई चिडले होते. आज माझ्या अंगात जो काही ताठा आहे, तो तिथला आहे.

लग्नानंतर आम्ही काही वर्षं नांदेडला होतो. नवरा विनाअनुदानित शाळेत गणित शिकवायचा. म्हणजे आज बिनपगारी शिकवा, पुढं कधीतरी सरकारचं अनुदान येईल, मग पगार सुरू होईल. दर उन्हाळ्यात बातमी यायची की आता फाइल हलली. दर पावसाळ्यात कळायचं की फाइल आहे तिथंच आहे. शेवटी मी म्हटलं, आता पुरे. लातूरला सासऱ्यांनी ट्यूशन एरियाजवळ जागा घेऊन ठेवली होती. तिच्यावर खोल्या चढवल्या आणि मुलींचं वसतिगृह सुरू केलं. नवऱ्याला एका क्लासमध्ये पेपर तपासायचं काम मिळालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार आला.

लातूर तेव्हा नुसतं फुगत होतं. घर तिथं वसतिगृह, गल्ली तिथं मेस, आणि दर चौकात हसऱ्या पोरापोरींच्या फोटोंचे बोर्ड. रेणापूर, उदगीर, देगलूर, पार माहूरच्या डोंगरावरून आईबाप पोरी घेऊन यायचे. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा. मला म्हणायचे, "काकू, आता तुम्हीच आई." पोरीला म्हणायचे, "डॉक्टर होऊनच ये." मग रडारड, मग एसटी. मागं मी आणि ती पोर आणि लाडवांचा डबा उरायचा.

आमच्याकडे पद्धत अशी की पोरगी आली की फोन काकूच्या कपाटात. रविवारी दुपारी घरच्यांशी बोलायला मिळायचा, बोलून झालं की परत कपाटात. सगळ्याच वसतिगृहांत हे चालायचं आणि आईबापांना हे लई पसंत होतं. मी प्रत्येक फोनला चिकटपट्टी लावून वर खोलीचा नंबर लिहायची. नेट स्वस्त झालं त्या वर्षांत ते कपाट भरून गेलं. आधी साधे बटणांचे फोन यायचे, मग एकदम काचेचे यायला लागले.

त्यातला एक देगलूरच्या मुलीचा होता. बारावी झालेली, डॉक्टरकीच्या परीक्षेत थोडक्यात हुकलेली, म्हणून एक वर्ष पुन्हा तयारी करायला आलेली. वडील देगलूरच्या बसस्टँडासमोर शिलाई मशीन टाकून बसायचे, शाळांचे गणवेश शिवायचे. पोरगी एका मोठ्या क्लासच्या फुकट बॅचमध्ये होती. जी पोरं हमखास निकाल देतील असं दिसतं, त्यांना क्लासवाले स्वतः घरी जाऊन घेऊन येतात. फी माफ, पुस्तकं फुकट, वसतिगृहाचे पैसेही क्लासच भरतो. तिचा बारावीचा फोटो त्यांनी देगलूरच्या स्टँडवर भला मोठा लावलेला होता. बाप दिवसभर मशीन चालवायचा आणि मान वर केली की समोर लेक दिसायची.

तर आल्याच्या आठवड्यात ही पोर माझ्यापाशी आली. "काकू, एक काम करता का? लई छोटं हाय."

"बोल."

"माझ्या फोनमधी एक शेतीचा गेम हाय. मी खेळणार न्हाई, शपथ. पण रोज एकदा उघडावा लागतो. उघडला की हजेरी लागते आन् भेटीचा डबा मिळतो. एक दिवस जरी चुकला तर सगळी हजेरी पुसून जाते. दोन वर्षांची हाय ओ."

मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, वर्गातल्या हजेरीचं एवढं करत नाही कुणी." पण तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं. तिनं मला फोनचं कुलूप उघडायचा आकडा सांगितला. आईला सांगितला नव्हता, मला सांगितला.

मग काय, एकीचं ऐकलं की बाकीच्या गप्प बसतात होय? निलंग्याची आली, उदगीरची आली, वसमतची आली. कुणाचं शेत, कुणाची रंगीत गोट्यांची रांग, कुणाचं गाव, कुणाची मांजर. सगळ्यांची तीच रड: रोज उघडलं नाही तर जातं. सकाळी पोरी क्लासला गेल्या, नाश्त्याची ताटं घासून झाली की मी कपाट उघडून बसायची आणि एकेक फोन सुरू करून हजेरी लावायची, डबे गोळा करायची, मांजरीला दूध घालायची. नवरा म्हणायचा, "तुझी नित्यपूजा झाली का?" मी म्हणायची, "झाली, आता तुमच्यापुढं नैवेद्य ठेवते, गप गिळा."

हळूहळू मला त्या देगलूरवालीच्या शेताचा लळा लागला. आमच्या लातूरच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेली बाई मी. आणि तिच्या विहिरीचं पाणी कधी आटायचं नाही. तूर दुपारपर्यंत पिकायची. गारपीट नाही, टोळ नाही, बाजारात भाव पडत नाही. म्हैस आजारी पडत नाही, फक्त रुसते. मी माझ्या स्वतःच्या फोनमध्येही तेच शेत सुरू केलं. तिचं शेत मात्र फक्त सांभाळलं. हजेरी लावायची, भेटीचा डबा घ्यायचा, म्हशीला चारा टाकायचा आणि फोन बंद करायचा.

खेळता खेळता मला त्या फुकट दुकानाचं गणित कळायला लागलं. पहिले काही दिवस सगळं भराभर होतं. बी टाकलं की उगवतं, दार उघडलं की बक्षीस. मग वेग कमी व्हायला लागतो. तूर दुपारपर्यंत, ऊस उद्यापर्यंत, गोठा परवापर्यंत. थांबायचं नसेल तर हिरे मोजा, आणि हिरे विकत. म्हणजे शेत विकायला ठेवलेलंच नाही, शेत फुकटच आहे. विकायला ठेवलंय ते न थांबणं. आधी तुम्हाला घाई लावायची आणि मग तुमची घाई तुम्हालाच विकायची. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो पेपर तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "मग क्लासवाले वेगळं काय करून राहिलेत?" क्रॅश कोर्स, टेस्ट सिरीज, आणखी एक वर्षाची बॅच. हरलात? आणखी एक जीव घ्या, पुन्हा खेळा.

पैसे न देणाऱ्यांसाठी जाहिराती होत्या. एक जाहिरात पूर्ण बघा, एक हिरा घ्या. मी जाहिरात सुरू करून फोन पालथा घालायची आणि मेथी निवडायची. जाहिरात तिकडं ओरडतेय, मी इकडं देठ काढतेय. हिरा माझा. मला कुणी फसवलं असं वाटायचं नाही, उलट फसवायला आलेल्याला चहा न पाजता वाटेला लावल्याचं समाधान मिळायचं.

आणि तिथं मंडळं होती. वीस-पंचवीस शेतं मिळून एक गाव. कोण आज आलं, कोण नाही, ते सगळ्यांना दिसायचं. आलेल्याच्या नावापुढं हिरवा दिवा लागायचा. देगलूरवालीच्या मंडळात तिच्याच क्लासची एक मुलगी होती. लातूरच्याच मोंढ्यातल्या एका बड्या अडत्याची लेक, घरून क्लासला जाणारी, पूर्ण फी भरणारी. तिच्या शेतावर संगमरवरी कारंजं होतं, मोर होते, बग्गी होती. सगळं विकतचं. मी आधी विचार करायची, हा गेम आमच्यासारख्या फुकट्यांना पोसतो तरी कशाला? मग कळलं. आम्ही नसतो तर ते कारंजं बघितलं कुणी असतं? साध्या बांधावरून मान वर करून बघणारी माणसं पाहिजेत, तरच बग्गीला किंमत. आम्ही गिऱ्हाईक नव्हतो, आम्ही त्या दुकानातली गर्दी होतो.

हिवाळा सरत आला होता आणि परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हा क्लासमधून फोन आला. देगलूरच्या मुलीची फुकट जागा काढून घेत आहेत, उद्या नांदेडच्या मुख्य शाखेत सरांना भेटा, वडिलांनाही बोलावलंय.

झालं होतं असं. अडत्यानं आपल्या लेकीला गेम खेळताना पकडलं आणि तिच्यावर ओरडला. लेकीनं जीव वाचवायला मंडळाचं पान दाखवलं: "बघा ना पप्पा, फुकट बॅचवाली सुद्धा रोज खेळते. तिचा दिवा रोज हिरवा असतो." पोरंच ती, अंगावर आलं की शेजारच्याकडे बोट दाखवणारच. पण बापानं ते उचललं आणि थेट सरांना जाऊन सांगितलं, आम्ही पैसे मोजतो आणि तुमची फुकटातली पोरं दिवसभर खेळतात. फुकट बॅचच्या पोरींनी फोन जवळ ठेवायचा नाही अशी अट होती. इथं तर अख्ख्या वर्षाची अखंड हजेरी पुराव्यासकट समोर होती.

ती हजेरी मी लावलेली होती. पोरीनं फोनला हातही लावला नव्हता. रविवारी सुद्धा ती घरी बोलून फोन मला परत द्यायची आणि म्हणायची, "म्हशीला चारा घाला बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी नांदेडला निघालो. लोह्याच्या पुढं गेल्यावर ती म्हणाली, "काकू, माझी जागा गेली तर अप्पा मला घरी नेतील. ते फी भरू शकत न्हाईत आन् मी मागणार न्हाई." एवढंच. खिडकीतून हरभऱ्याची शेतं मागं पळत होती. मी तिला म्हटलं, "मी सांगते ना काय ते." मला वाटत होतं खरं सांगितलं की विषय संपेल. एवढं वय होऊनही मला तसं वाटत होतं.

सरांची खोली थंडगार होती. वडील आमच्या आधी देगलूरहून येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, हात जोडलेलेच. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. चहा मागवला, मला काकू म्हणाले. मग मोबाइल पुढं सरकवला. त्यावर मुलीचं शेत, तिचं नाव आणि हिरवा दिवा.

मी म्हटलं, "सर, हे मी लावलेलं आहे. फोन माझ्या कपाटात असतो. रोज सकाळी हजेरी मी लावते. हिचीच नाही, सगळ्या पोरींची."

"तुम्ही?"

"मी. खोटं वाटत असेल तर विचारा काय विचारायचं ते. म्हैस कुठं बांधली आहे ते न बघता सांगते."

सर हसले. मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "काकू, माझा विश्वास आहे तुमच्यावर. शंभर टक्के आहे."

मला हायसं वाटलं. मी चहाचा कप उचलला. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढून मुलीपुढं ठेवला. मी मोबाइल गेम खेळले, त्यामुळे माझे गुण घसरले, मला पश्चात्ताप होत आहे, इतरांनी असं करू नये. खाली सहीची जागा. हा कागद सगळ्या बॅचेसमध्ये वाचून दाखवायचा होता.

"पण ती खेळलीच नाही!" मी म्हटलं. "आत्ताच तर तुम्ही विश्वास आहे म्हणालात."

"विश्वास आहे. पण तक्रार करणाऱ्या पालकांना मी काय सांगू, वसतिगृहातल्या काकू खेळत होत्या? गावभर हसं होईल. आणि खरं सांगू का, पोरं खरंच लई खेळतात काकू. बॅचला धाक हवा. हिनं सही केली की जागा तिचीच. पुस्तकं, टेस्ट, सगळं पूर्ववत. शंभर जण फी भरतात तेव्हा दहा जण फुकट शिकतात, हे तिनं समजून घ्यायला हवं."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. पण फाशी देणारा संन्याशाला आधी चहा पाजतो आणि तू निर्दोष आहेस म्हणतो, हे त्या दिवशी बघितलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग मी सही करते. लिहा, वसतिगृह चालवणारी बाई गेम खेळली, तिला अजिबात पश्चात्ताप नाही. वाचून दाखवा सगळ्या बॅचेसला." सर नुसते हसले. माझी सही त्यांच्या काही कामाची नव्हती.

वडील खुर्चीवरून पुढं झुकले. "सही कर बाई. एका सहीनं काय झिजतंय? दोन महिने राहिलेत परीक्षेला. कर माय."

मुलीनं कागद वाचला. सावकाश, प्रश्नपत्रिका वाचतात तसा शेवटपर्यंत वाचला. मग तो उलटा करून सरांच्या बाजूला सरकवला. "न्हाई अप्पा. मी खेळले असते तर सही केली असती. मी खेळले न्हाई."

"बाळा, विचार कर," सर म्हणाले. "ही संधी परत येत नसते."

"हाव, म्हाईत हाय. 'फक्त आज.'"

सरांना ते कळलं नाही. मला कळलं आणि मी मोठ्यानं हसले, त्या थंडगार खोलीत, सगळ्यांसमोर. मला आजही त्या हसण्याची लाज वाटत नाही.

वडिलांनी लेकीकडे बघितलं. जोडलेले हात त्यांनी सोडले, मांड्यांवर ठेवले आणि उठून उभे राहिले. "सर, मग आमच्या स्टँडवरला पोरीचा फोटो उतरवा."

"अहो, तो बारावीचा आहे, त्याचा याच्याशी काय..."

"पोरगी तुमची न्हाई तर फोटो बी तुमचा न्हाई. उतरवत नसाल तर मी उतरवतो. माझ्याकडं कात्री हाय."

त्या वेळी सरांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. देगलूर, मुखेड, बिलोली, त्या सगळ्या भागातून पोरं तो फोटो बघून क्लासला येत होती. ते म्हणाले, बसा, बघू काहीतरी, सही पुढच्या आठवड्यातही चालेल. पण आम्ही तिघं तोवर दाराशी पोचलो होतो. जिना उतरताना वडिलांनी कठडा सोडला नाही, मी बघितलं. ताठ वागणाऱ्या माणसाला कठडा लागत नाही असं कुणी सांगितलं?

स्टँडवर वडील म्हणाले, चल घरी. त्यांचं बरोबर होतं. क्लास गेला, आता लातूरला राहून काय करायचं आणि राहायचं तरी कशाच्या बळावर? देगलूरची गाडी लागलेली होती आणि लातूरचीही. तेव्हा मी म्हटलं, "हिला माझ्याकडे ठेवा. दोन महिने. तिची पुस्तकं आहेत, टेस्टचे जुने पेपर आहेत, फिजिक्सची गणितं अडली तर आमचे हे बसलेत घरात. खोलीचं, जेवणाचं काही देऊ नका. फुकट."

वडिलांचे डोळे भरले. त्यांनी पुन्हा हात जोडले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मुलगी मात्र माझ्याकडे सरळ बघत होती. "फुकट म्हंजे बदल्यात काय, काकू?"

मला राग आला. वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाशी तुझ्यासाठी भांडले, गाडीभाडं माझं, आणि तू मला त्याच्या पंक्तीला बसवतेस? ओठांवर आलं होतं, नसेल राहायचं तर नको राहूस. पण ती उद्धटपणे विचारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि मग मला माझ्या वसतिगृहाचं फाटक आठवलं. फाटकावर मी सुद्धा बोर्ड लावला होता. आमच्याकडे राहून डॉक्टर झालेल्या मुली, त्यांचे फोटो, खाली माझा फोन नंबर. आणि नांदेडच्या त्या जिन्यावरून उतरता उतरता माझ्या मनानं हिच्यासाठी त्या बोर्डावर मधली जागा मोकळी केलीसुद्धा होती. क्लासनं हाकललेली, काकूंनी सांभाळलेली.

मी म्हटलं, "तूच सांग, काय ते."

तिनं बोटांवर मोजत सांगितलं. "सकाळी सगळ्यांच्या पोळ्या मी करते. तेवढ्यात माझं खाणं-राहणं फिटलं. माझा फोटो फाटकावर लावायचा न्हाई. निकाल काय बी लागू दे, लावायचा न्हाई. आन् कुणाला निकाल सांगायचा बी न्हाई. माझा निकाल मीच सांगणार, ज्याला सांगायचा त्याला."

"आणि शेतीची हजेरी?"

"ती बंद करा. पुसली जाऊ दे."

मी कबूल म्हटलं. वडील एकटेच देगलूरच्या गाडीत चढले.

तेव्हापासून ती पहाटे उठून कणीक मळायची, माझ्याआधी. पोळ्या झाल्या की हात धुऊन अभ्यासाला बसायची. परीक्षा झाली, सामान बांधून ती गेली. उन्हाळ्यात निकाल लागला. फाटकावरचा बोर्ड मी त्याच्या आधीच काढून माळ्यावर टाकला होता. नवरा म्हणाला, धंदा बसेल. थोडा बसलाही. ट्यूशन एरियात कुठली गोष्ट लपत नाही, त्यामुळे पलीकडच्या गल्लीतल्या वसतिगृहवाल्या बाई भाजीच्या गाड्यावर मुद्दाम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काय हो, तुमच्या त्या देगलूरच्या पोरीचं काय झालं शेवटी? लागला का नंबर?"

मी वांगी निवडत होते. म्हटलं, "पोळ्या फार सुंदर करायची."